दात हळू का सरकतात: अलायनर आणि उशिराचा इतिहास

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानमालेत दात कुठून आले? प्रश्न रास्त आहे. पण ज्या कामाला वेळ लागतो त्याला इतिहास असतोच, आणि दात सरळ करण्याइतका वेळ खाणारं काम वैद्यकात फार थोडं असेल.

आपल्याकडे मालवणात, कुडाळात, कणकवलीत आता पारदर्शक अलायनर लावलेली माणसं सहज दिसतात. खरं तर दिसत नाहीत, तोच त्या वस्तूचा गुण! प्लास्टिकची पातळ खोळ, दातांवर टोपीसारखी बसणारी. दिवसाचे वीस-बावीस तास लावायची, जेवताना काढायची, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढच्या नंबरची घालायची. तारा नाहीत, टोचणं नाही. आणि तरीही ही खोळ वापरणाऱ्यांशी बोललं की तक्रार एकच येते. दहा महिन्यांत होईल म्हणाले होते, दीड वर्ष झालं. पंचवीस ट्रे संपले, आता म्हणतात पुन्हा स्कॅन, पुन्हा नवीन ट्रे. हप्ते कधीच भरून झाले, लग्नाची तारीख तोंडावर आली आणि एक सुळा अजून वाकडाच. मग माणूस ट्रे डबीत टाकतो, डबी कपाटात टाकतो, आणि विषय संपवतो. झालेला खर्च वाया, आणि सरकलेले दात हळूहळू परत जुन्या जागी.

आम्हाला आज एवढंच पाहायचं आहे की हा उशीर येतो कुठून. कारण उशीर दोन जातींचे आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

सुरुवात फार मागे होते. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस लिहितो की दुधाचा दात पडायच्या आधीच मागून पक्का दात आला, तर दुधाचा काढावा आणि नवीन दात रोज बोटाने जागेकडे ढकलत राहावा, तो जागेवर येईपर्यंत. थोडा जोर, रोज, पुष्कळ दिवस. आजच्या अलायनरचं सगळं तत्त्व या सल्ल्यात आहे, फक्त बोटाच्या जागी प्लास्टिक आलं. १७२८ मध्ये पॅरिसच्या पिएर फोशार या दंतवैद्याने आपल्या ग्रंथात धातूची वाकवलेली पट्टी वर्णन केली. दात तिला दोऱ्याने बांधायचे आणि कमानीत ओढायचे. पुढे अमेरिकेत एडवर्ड अँगल आला. त्याने १८९९ मध्ये वाकड्या दातांचं जे वर्गीकरण केलं ते आजही दंत महाविद्यालयात पहिल्यांदा शिकवलं जातं. अँगल हा मोठा कारागीर आणि तितकाच हट्टी माणूस होता. त्याच्याकडे आपण परत येऊ.

पण दात सरकतो म्हणजे नेमकं काय होतं? लाकडात ठोकलेला खिळा बाजूला ढकलावा तसं काही नाही. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अगदी पातळ पडदा असतो, पाव मिलिमीटरहूनही कमी जाडीचा. दाताला एका बाजूने दाब दिला की दाबाच्या बाजूचं हाड पेशी कुरतडतात आणि उलट्या बाजूला दुसऱ्या पेशी नवीन हाड भरतात. म्हणजे दात हाडातून जात नाही, हाडच त्याला वाट करून देतं, आणि मागची वाट बुजवत येतं. हे काम शरीर आपल्या चालीने करतं.

स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड याने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला कुत्र्यांचे दात सरकवून, मग त्या जागेचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे पहिल्यांदा दाखवलं. १९०४-०५ मध्ये त्याचे निबंध प्रसिद्ध झाले. त्यात आणखी एक गोष्ट दिसली, आणि आमच्या मते आजच्या विषयाचा गाभा तीच आहे. जोर जास्त लावला तर दाबाच्या बाजूचा रक्तपुरवठा थांबतो. तो पडदा तिथे काचेसारखा निर्जीव होतो, पेशीच उरत नाहीत. कुरतडायला कोणी नाही म्हटल्यावर दात अडतो. मग आसपासच्या हाडातून पेशी आडवाटेने पोखरत येतात, तोवर दोन-तीन आठवडे सहज जातात. थोडक्यात, घाई केली की उशीर होतो. १९३२ मध्ये ऑस्ट्रियाच्या श्वार्त्झने याला आकडा दिला: केशवाहिन्यांमधल्या रक्ताच्या दाबापेक्षा जास्त जोर लावू नये, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २० ते २६ ग्रॅम. आकड्यावर पुढे वाद झाले, पण दिशा कुणी बदललेली नाही.

इथे एका आजींनी मघाशी विचारलं ते आम्हाला आवडलं. "दात सरकाक इतको वेळ कित्याक लागता?" आजी, मालवणच्या माणसाला हे समजावणं तसं सोपं आहे. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या एकसष्ट दिवसांत होडी किनाऱ्यावर उलटी असते, पण समुद्रात काम चालूच असतं, मासळी वाढत असते. ती घाईने बाहेर काढली तर पुढच्या हंगामात जाळं रिकामं येतं. हाडाचंही तसंच समजा. एका ट्रेमध्ये दात साधारण पाव मिलिमीटर हलवायचा बेत असतो. बाकीचे दिवस रिकामे वाटतात, पण त्या दिवसांत मागची वाट बुजत असते.

ही चाल वाढवायचे प्रयत्न थोडे झाले नाहीत. कंपन देणारी यंत्रं निघाली. रोज वीस मिनिटं तोंडात धरा, दात लवकर सरकतील, असा दावा होता. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका नियंत्रित चाचणीत, ब्रेसेस लावलेल्या रुग्णांवर, त्या कंपनाचा काहीही फायदा दिसला नाही. यंत्र महाग होतं, हे वेगळं सांगायला नको.

आता अँगलकडे परत येऊ. अँगलचं मत होतं की देवाने दिलेले सगळे दात तोंडात ठेवूनच कमान सरळ झाली पाहिजे, एकही दात काढायचा नाही. त्याचे शिष्य हे व्रतासारखं पाळत. त्यातला एक चार्ल्स ट्वीड, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन गावी व्यवसाय करणारा. १९३० मध्ये अँगल गेला. ट्वीड काही वर्षं गुरूच्या पद्धतीने रुग्ण बरे करत राहिला, आणि मग त्याने एक गोष्ट केली जी फार कमी डॉक्टर करतात. आपल्याच जुन्या रुग्णांना परत बोलावून त्याने पाहिलं. पुष्कळांचे दात परत वाकडे झाले होते, कुणाचे ओठ पुढे आले होते. त्याने त्या रुग्णांवर पुन्हा उपचार केले, या वेळी चार उपदाढा काढून, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. १९३६ मध्ये त्याने दात काढण्याच्या बाजूने लेख लिहिला, गुरूचे भक्त खवळले. १९४० मध्ये त्याने शंभर रुग्णांचे साचे आणि फोटो मांडले, प्रत्येकाचे दोन-दोन वेळा केलेल्या उपचारांचे, आधीचे आणि नंतरचे. लोकांनी रांगा लावून पाहिले.

त्या शंभर रुग्णांच्या बाजूने जरा विचार करा. काही वर्षं तारा लावल्या, संपलं म्हणून काढल्या, आणि डॉक्टर सांगतोय की पुन्हा लावू या. उशीर म्हणाल तर याहून मोठा कुठला? पण त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. सुरुवातीपासूनचे साचे जपून ठेवलेले होते, आणि चुकलं हे सांगायला एक माणूस समोर उभा होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

भारतात दातांच्या तारांचं शास्त्र संस्थांमधून आलं. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ चं, आणि तारा लावणाऱ्या तज्ज्ञांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ ची. पण मुंबई म्हणजे मालवण नव्हे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाली. त्याआधी इथल्या माणसाला तार लावून घ्यायची तर दर महिन्याला आंबोली घाट चढून बेळगाव, फोंडा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर गोव्यात बांबोळी. गोव्याचं दंत महाविद्यालय १९८० पासून आहे आणि आपली माणसं आजही तिथे जातात. शंभरेक किलोमीटर जायचं, पंधरा मिनिटं तार आवळून घ्यायची, संध्याकाळच्या गाडीने परत. पावसाळ्यात दरड कोसळली की महिना चुकला. त्या काळी उशीर रस्त्यावर दिसायचा, तो कुणाचा हे विचारावं लागत नसे.

म्हणून अलायनर आले तेव्हा कोकणासारख्या ठिकाणी ते वरदानच वाटले. सहा ट्रे एकदम घरी न्यायचे, घरीच बदलायचे. कल्पना नवीन नव्हती. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या हॅरल्ड केसलिंगने १९४५ मध्ये रबराचा एक साचा केला होता, तारा काढल्यावर उरलेली थोडी हालचाल पुरी करायला. असे साचे एकामागून एक वापरले तर मोठी हालचालही होईल, हे त्याने तेव्हाच म्हणून ठेवलं. अडचण अशी की प्रत्येक पायरीला मेणात दात हाताने बसवून नवीन साचा करायचा. पंचवीस पायऱ्यांना पंचवीस वेळा. एवढं कोण करणार?

संगणकाने ते केलं. झिया चिश्ती या स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या तरुणाने मोठेपणी दातांना तारा लावल्या होत्या. नंतर दात टिकवायला दिलेला रिटेनर काही दिवस घातला नाही की दात सरकत, परत घातला की जागेवर येत. त्यावरून त्याला सुचलं, असे टप्प्याटप्प्याचे साचे संगणकावर का आखू नयेत? १९९७ मध्ये केल्सी वर्थबरोबर त्याने अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली, १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली, १९९९ मध्ये इन्व्हिसलाइन बाजारात आलं. दातांचे संगणकी आराखडे सुरुवातीला लाहोरमध्ये तयार होत. चिश्ती मूळचा तिकडचा. २००१ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला, आणि कंपनीने ते काम लाहोरहून कोस्टा रिकाला हलवलं. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या मुलीच्या दातांचा बेत कुठल्या देशात आखला जातो, हे त्या मुलीला माहीतही नसेल. उशीर आता रस्त्यावरून उठून जगभर पसरला तो असा.

आणि मग ते चलचित्र. पहिल्या भेटीत डॉक्टर स्क्रीनवर दाखवतात ना, वाकडे दात सरसर सरकत तीस सेकंदांत सरळ होतात? ते चलचित्र म्हणजे बेत आहे, भविष्यवाणी नाही. २००९ मध्ये नील क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं, संगणकाने ठरवलेल्या हालचालीपैकी तोंडात प्रत्यक्ष किती होते. उत्तर आलं सरासरी ४१ टक्के. प्लास्टिक सुधारलं, आराखडे सुधारले, २०२० मध्ये त्याच गटाने पुन्हा मोजलं. सरासरी ५० टक्के. सुळे फिरवणं दोन्ही वेळा अवघडच गेलं, कारण गोलसर दातावर प्लास्टिकची पकड बसत नाही.

यातून निराश व्हायचं कारण नाही, उलट आहे. पंचवीस ट्रे संपल्यावर डॉक्टर पुन्हा स्कॅन करून आणखी दहा देतात, त्याला रिफाइनमेंट म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं की आपलं बिघडलं, किंवा आपण नीट घातले नाहीत. कधीकधी ते खरंही असतं. पण निम्मी हालचाल राहणं हीच जर सरासरी असेल, तर दुसरी फेरी हा उपचाराचाच भाग झाला. सुरुवातीला दहा महिने सांगताना ही फेरी धरली होती की नाही, एवढाच प्रश्न उरतो. आमच्या मते ती न धरता महिने सांगणं ही जाहिरात आहे, वैद्यकी नाही.

छोट्या अडचणींचंही थोडं बोलू, कारण माणूस बहुतेक वेळा मोठ्या संकटाने नाही, या बारक्या गोष्टींनी कंटाळतो. गणपतीत पाहुण्यांकडे जेवायला बसताना ट्रे कागदी रुमालात गुंडाळला, आणि पत्रावळीबरोबर तो गेला. सोलकढीने ट्रेवर डाग पडला. उकळत्या पाण्यात धुतला आणि वाकडा झाला, कारण ते प्लास्टिक उष्णतेने आकार बदलतं. दातावर चिकटवलेला दाताच्याच रंगाचा बारका उंचवटा चिवड्याबरोबर निघून आला. ट्रे हरवला तर पुढचा घालायचा की मागच्यावर जायचं, हे हरवलेला किती दिवस घातला होता त्यावर ठरतं, म्हणून डॉक्टरांना फोन करायचा. पण फोन लागेपर्यंत दात मोकळे ठेवायचे नाहीत, मागचा ट्रे घालून ठेवायचा. म्हणूनच जुने ट्रे फेकू नयेत. हिरड्यांतले तंतू दात सरकल्यावरही कित्येक महिने ताणलेले असतात, रबरासारखे. मोकळीक मिळाली की ते दाताला मागे ओढतात. ट्रेच्या कडेला आणि दाताच्या टोकाला फट दिसायला लागली की समजायचं, दात मागे राहिला आहे. अशा वेळी तारीख झाली म्हणून पुढचा ट्रे चढवणं म्हणजे पुन्हा सँडस्टेडचीच गोष्ट: जोर जास्त, दात जागेवर.

मोठे अडथळेही आपण पाहिले. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि दवाखाने तातडीच्या कामापुरतेच उरले. कुरियर बंद. तेव्हा तारावाल्यांची जास्त पंचाईत झाली, तुटलेली तार गालाला टोचतेय आणि कापायला कोणी नाही. अलायनरवाल्यांना दंतवैद्यांनी फोनवर सांगितलं, शेवटचा ट्रे घालत राहा, बदलायची घाई नको. पुढच्या वर्षी १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. वीज नाही, फोन नाही. अशा वेळी ट्रे हाताशी असणाऱ्याला फक्त थांबायचं असतं. थांबलेला दात हरलेला नसतो. मागे गेलेला दात मात्र पुन्हा सगळी वाट चालतो.

इथवरचे उशीर एका जातीचे झाले, हाडाचे आणि निसर्गाचे. दुसऱ्या जातीच्या दोन गोष्टी सांगतो.

चिश्ती पुढे अलाइनमधून बाहेर पडला आणि २००५ मध्ये ऑर्थोक्लिअर नावाची दुसरी अलायनर कंपनी घेऊन आला. जुन्या कंपनीने पेटंटवरून खटले घातले. २००६ मध्ये तडजोड झाली. ऑर्थोक्लिअरने धंदा बंद करायचा, अलाइनने त्यांना दोन कोटी डॉलर द्यायचे. पण मध्येच हजारो लोकांच्या तोंडात ऑर्थोक्लिअरचे ट्रे होते, कुणाचा सातवा, कुणाचा पंधरावा. त्यांचे उपचार अलाइनने जादा पैसे न घेता पुरे करावेत असं ठरलं. नवीन साचे, नवीन आराखडा, पुन्हा वाट पाहणं, हे चुकलं नाही. पण वाट पाहायला एक दार होतं.

दुसरी गोष्ट अलीकडची. स्माइलडायरेक्टक्लब ही २०१४ मध्ये निघालेली नॅशव्हिलची कंपनी. डॉक्टरच्या खुर्चीत बसायचीच गरज नाही, घरी साचा घ्या, पोस्टाने पाठवा, पोस्टाने ट्रे येतील, असा त्यांचा मार्ग. स्वस्त पडायचं. २०१९ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. २९ सप्टेंबर २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज, आणि ८ डिसेंबर २०२३ ला कामकाज बंद. उपचार अर्ध्यात असलेल्यांना सांगण्यात आलं की आपल्या गावच्या दंतवैद्याला भेटा. आयुष्यभराची हमी संपली. आणि ज्यांचे हप्ते चालू होते त्यांनी ते भरत राहावेत, हेही त्याच सूचनेत होतं! पूर्वी ते ज्याला भेटलेच नव्हते त्या गावच्या दंतवैद्याकडे ना त्यांचे जुने साचे, ना आराखडा. ट्वीडच्या रुग्णांकडे होत्या त्या दोन्ही गोष्टी यांच्याकडे नव्हत्या.

म्हणून सिंधुदुर्गातल्या माणसाने, जिथे कंपनीचं ऑफिस मुंबईत किंवा बेंगळुरूत असतं, पहिला हप्ता भरायच्या आधी थोडं बोलून घ्यावं. आपल्या उपचाराचा डॉक्टर कोण, नोंदणी क्रमांकासह, आणि तो किती दिवसांनी प्रत्यक्ष तोंड पाहणार? रिफाइनमेंटच्या किती फेऱ्या या पैशात आहेत? हे कागदावर हवं. पहिल्या दिवसाचा स्कॅन आणि ठरलेला आराखडा यांची फाइल आपल्याकडे पेन ड्राइव्हवर ठेवावी. उद्या कंपनी बंद पडली तर कुडाळचा किंवा सावंतवाडीचा डॉक्टर त्यावरून पुढचं काम धरू शकतो, नाहीतर त्याला शून्यापासून सुरू करावं लागतं. आणि हे सगळं अर्ध्या वाटेवर असलेल्यालाही आजच मागता येतं, उशीर झालेला नाही.

रिटेनरचं राहिलं. शेवटचा ट्रे संपला की रात्रीचा रिटेनर सुरू होतो, आणि तो किती वर्षं याचं बहुतेक डॉक्टरांचं उत्तर आज असं असतं की दात टिकवायचे आहेत तोवर. चिश्तीला कल्पना सुचली ती तो काही दिवस घातला नाही त्यावरूनच, हे मघाशी सांगितलं. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर केला होता.